चोवीस तासांचा पट्टा

"रक्तदाब हा मनाचा नोकर आहे. मालक शांत, तर नोकर शांत!" पुरुषोत्तमराव म्हणाले आणि त्यांनी बाही वर केली.

यंत्राने एकशे सत्तर दाखवले.

डॉक्टर अक्षया मूळची साताऱ्याची. पण आयर्लंडच्या एनिस गावात इतकी वर्षं काढलेली, की तिथल्या लोकांसारखी चांगल्या कशालाही 'ग्रँड' म्हणायची. या वेळी म्हणाली नाही.

"काका, दवाखान्यात पुष्कळांचा वाढतो. खरा आकडा घरचा. हा पट्टा चोवीस तास दंडाला ठेवायचा, डबी कमरेला. अधूनमधून आपोआप फुगेल. तेव्हा हात हलवायचा नाही, बोलायचं नाही."

"आणि शनिवारचं विमान?"

"आकडे बघून ठरवू."

पुरुषोत्तमरावांचा चेहरा उतरला. सोमवारी पुण्यात ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक होती. समोर नंदकुमार उभा होता, आणि नंदकुमारला साधं आभारप्रदर्शनही जमत नसे.

"काकू, तुमचंही बघू का?"

"तिला काय धाड भरलीये?" पुरुषोत्तमराव म्हणाले. "घरात तर बसून असते!"

सुलेखाबाई पर्स आवळून हसल्या.

मुलाच्या घरी पोचताच दोघं आपल्या खोलीत गेले. दार लावलं. बराच वेळ कुजबुज चालली. बाहेर आले तेव्हा दोघांच्या अंगात जाड स्वेटर होते. एनिसच्या गारठ्यात त्याबद्दल कुणी काही विचारत नाही.

मग घरभर ताण पसरला. घर्र आवाज झाला की पुरुषोत्तमराव बोलणं अर्धवट सोडून श्वास रोखत. सुलेखाबाईही पोळी तव्यावर तशीच टाकून जागच्या जागी थिजत.

"करपली ना!" आवाज थांबताच ते ओरडत. "आणि माझा चष्मा कुठाय? चहा आज होणारे का?"

"अहो, जरा हळू. आकडा वाढेल."

"मी शांतच आहे! तू शांत राहा. आज एक दिवस!"

दुपारी उपेंद्र वडलांना समुद्रावरचे मोहरचे उंच कडे दाखवायला घेऊन गेला. "आई, तू?"

"मला नको रे. वारा फार असतो तिथे."

संध्याकाळी आमटी अळणी लागली. पुरुषोत्तमराव आधी आमटीवर बोलले, मग आयर्लंडच्या मिठावर, आणि शेवटी सुलेखाबाईंच्या माहेरावर. तेवढ्यात घर्र झालं. उपेंद्रचा घास हातातच राहिला.

"बाबा, प्लीज! विमान जाईल तुमचं."

बाबांनी आमटी ओरपली. नंदकुमारसाठी माणूस काहीही गिळतो.

दुसऱ्या दिवशी अक्षयाने आलेख उघडला आणि खुर्ची पुढे ओढली.

"काका, काल जेवताना काय झालं होतं?"

"काही नाही. मिठावर चर्चा."

"एकशे शहाण्णव आहे. आणि रात्री झोपेत खाली यायला हवा, तोही आलेला नाही. झोप लागली होती ना?"

"उत्तम! घोरत होतो मी."

"फक्त दुपारी छान उतरलाय. अगदी ग्रँड. तेव्हा कुठे होतात?"

"कड्यांवर."

"समुद्राची हवा मानवली म्हणायची." अक्षया हसली नाही. "पण बाकी हे धोक्याचं आहे. गोळ्या आजच सुरू. आणि या आकड्यांवर मी विमानात बसू देणार नाही. वाटेत काही झालं तर?"

पुरुषोत्तमराव खुर्चीत पुढे सरकले. "डॉक्टर, म्हणजे... समजा, हे आकडे माझे नसतीलच तर?"

"काका, पट्टा मी माझ्या हाताने तुमच्या दंडाला बांधलाय."

पुरुषोत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं. चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच.

सुलेखाबाईंनी स्वेटरची बाही वर सारली. दंडाभोवती पट्ट्याचा लालबुंद वळ उमटला होता.

"डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या, "गोळ्या लिहून द्याल ना, तेव्हा नाव तेवढं माझं घाला."