प्रार्थनेत उघडा डोळा

बिशपांनी प्रार्थनेला सुरुवात केली, तसे सभागृहातले सगळे डोळे मिटले. सुताराचा मात्र एक उघडाच राहिला. त्याच्या मंडळीचे, म्हणजे त्याच्या चर्चचे, पाळकसाहेब पुढच्या रांगेत बसले होते आणि त्यांच्यावरची नजर त्याला हलवायची नव्हती. 'आमेन' होतंय न होतंय तोच पाळकसाहेब उठले आणि जिल्हा अधीक्षकांच्या मागोमाग बाजूच्या दाराने बाहेर सटकले. तेही चोरपावलांनी!

"बघितलंत?" सुतार शेजारच्या शिंपीणबाईंना म्हणाला. "बदलीचं घाटतंय. निघायच्या दिवशी पाळकबाई शेजारणीला कुंड्या देत होत्या, तेव्हाच मी ओळखलं."

"अहो, आपण सगळे इकडे आल्यावर झाडांना पाणी कोण घालणार?" शिंपीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला ना, संशयाची कीड लागलीय."

लागली होती खरी. मेथडिस्ट पाळकाचं बिऱ्हाड म्हणजे कायम पाठीवर. कोणी कुठे जायचं ते बिशप आणि अधीक्षक ठरवणार, आणि वार्षिक परिषदेच्या शेवटच्या उपासनेत सर्वांसमोर वाचून दाखवणार. एकदा वाचलं की वाचलं, मग रडा नाहीतर भांडा. यंदा शहरातल्या सगळ्यात मोठ्या मंडळीची जागा रिकामी होती. प्रवचनात तर आपल्या पाळकसाहेबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मंडळीचा प्रतिनिधी म्हणून आलेल्या सुताराला आणखी काय पुरावा हवा?

आणि ते गेले तर दादाचं काय? सुताराचा हा थोरला भाऊ वहिनी गेल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टर झाले, नातेवाईक झाले, दादा हूं की चूं करेना. पाळकसाहेब मात्र बुद्धिबळाचा पट काखेत मारून येत राहिले, दादाच्या वाटच्या चालीही स्वतःच खेळत राहिले. आणि एका संध्याकाळी दादा चक्क बोलला, "घोडा असा नाही जात, साहेब." सुतार रंधा तसाच टाकून मागच्या दारी जाऊन ढसाढसा रडला होता. परिषदेला निघताना दादा उंबऱ्यापर्यंत आला. "त्यांना परत घेऊन ये रे," एवढंच म्हणाला.

पण सरळ विचारलं तर खरं कोण सांगतं? लाकूड आतून पोकळ आहे का, हे सुतार त्यावर टकटक करून बघतो. माणसांनाही त्याने तसंच वाजवून बघायचं ठरवलं. चहाच्या टेबलापाशी अधीक्षकांच्या कारकुनाला गाठून तो म्हणाला, "काय, आमचे पाळक हलतायत ना यंदा? हलू देत बापडे! आम्हाला काय, दुसरे येतील." कारकून नुसता "हं" म्हणाला. त्या 'हं'मध्ये सुताराला सगळं ऐकू आलं. मग त्याने खजिनदाराला वाजवून बघितलं, मग दुसऱ्या एका मंडळीच्या प्रतिनिधीला. आपली गरज कळली तर लोक तोंड मिटून घेतील, म्हणून विचारताना तो मुद्दाम नाक मुरडायचा. स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता.

जेवताना पाळकसाहेबांनी त्याच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. सुतार ताट घेऊन सरळ दुसऱ्या टेबलाकडे वळला.

"माझं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं कशाला चुकेल? तुमचं जमलं म्हणजे झालं!" सुतार मोठ्याने म्हणाला. पलीकडे अधीक्षक पाणी पिता पिता थांबले. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. चोरी पकडली की असाच उतरतो, असं सुताराने मनाशी म्हटलं आणि जेवायला बसला.

दुपारी त्यांच्या मंडळीचं गीत झालं. सुताराचा खर्ज ऐन वेळी गळपटला, कारण त्याचं लक्ष दाराकडे होतं. तिथे पाळकसाहेब अधीक्षकांचे दोन्ही हात धरून काहीतरी विनवत होते.

"जागा पक्की करून घेतायत," खाली उतरताच तो फणफणला.

"एवढा जीव तुटतोय तर जाऊन सांगा ना, आम्हाला हेच पाळक हवेत म्हणून!" शिंपीणबाई म्हणाल्या.

"हं! म्हणजे जाता जाता मला हसायला मोकळे."

अखेर बिशप नेमणुका वाचायला उभे राहिले. सुताराच्या मंडळीचं नाव आलं आणि पाठोपाठ एक भलतंच, अनोळखी नाव. शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावला. सुताराला उंबऱ्यातला दादा आठवला, तरी 'मी म्हटलं नव्हतं!' हे ओठांवर आलंच. एवढ्यात पाळकसाहेबांची नवी जागा वाचली गेली. ती मोठी मंडळी नव्हतीच. कुठल्या कुठे दूर, मूठभर माणसांची जागा होती ती. पाळकसाहेब मान खाली घालून बसले होते.

उपासना संपल्याबरोबर सुताराने अधीक्षकांना गाठलं. "साहेब, असं कसं झालं? त्यांनी तर मोठी जागा मागितली होती ना?"

"मागितली? अहो, आम्ही देत होतो, तर हात जोडून नको म्हणाले. तिथे एक माणूस आत्ता कुठे बोलायला लागलाय, मला हलवू नका, हाच त्यांचा धोशा. बिशपसाहेब राजीही झाले होते." अधीक्षकांनी सुताराच्या खांद्यावर हात ठेवला. "पण मग चारी बाजूंनी तुमचं म्हणणं कानावर आलं. काळजी करू नका. घरी जाऊन खुशाल सांगा, मंडळीच्या प्रतिनिधीचा शब्द आम्ही खाली पडू दिला नाही."