खांद्यावरचा पंचा

"कट!" डायरेक्टर ओरडला. "पंचा खांद्यावर हवा, खांद्यावर! कुणी काढला पुन्हा?"

सांगायची गरजच नव्हती. बांधावर दहा मजूर ओळीने उभे होते. नऊ जणांचे पंचे खांद्यावर होते. दहाव्याचा, काथमुत्तूचा, कमरेला होता. तो तिथे कधी गेला, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

मद्रासहून आलेल्या सिनेमा कंपनीला एवढंच दृश्य हवं होतं. जमीनदार शेतावर येतो. तो आला की मजुराने खांद्यावरचा पंचा काढून कमरेला बांधायचा, ही गावाची रीत. पण आज एकही मजूर हात हलवत नाही. बोलायचंसुद्धा काही नव्हतं. नुसतं उभं राहायचं.

"अरे, मघाशी तुझ्याकडेच विडी मागत होता ना तो?" शेजारचा वेलन कुजबुजला. "खोटा मालक आहे! मिशीसुद्धा डिंकानं चिकटवलीय."

"ठाऊक आहे रे मला."

"तुला आहे. तुझ्या हाताला सांग."

लांब ताडाखाली काथमुत्तूची आठ वर्षांची पोरगी, पूवायी, बसली होती. त्यानेच तिला हौसेने आणलं होतं. "बघच आज, तुझा अप्पा कसा ताठ उभा राहतो," असं वाटेत दोनदा सांगितलंही होतं.

नट पुन्हा चालत आला. जरीकाठी धोतर, करकरणाऱ्या वहाणा. काथमुत्तूने मुठी आवळल्या. करकर जवळ आली आणि उजवी मूठ आपोआप उघडली, पंचा पुन्हा कमरेला आला.

या वेळी कॅमेऱ्यामागची माणसंही हसली. काथमुत्तूने ताडाकडे पाहिलं नाही.

डायरेक्टर चिडला असता तर बरं झालं असतं. तो चिडला नाही. त्याने कपड्यांच्या पेटीतून एक जुना बनियन मागवला, काथमुत्तूच्या उघड्या अंगावर चढवायला लावला आणि पंचा खांद्यापाशी बनियनला पिनेने टाचून टाकला. मग दृश्य एका दमात झालं.

"वा, अण्णा!" डायरेक्टरने पाठ थोपटली. "पडद्यावर तुम्हीच सगळ्यांत ताठ दिसणार!"

घरी निघताना बनियन कंपनीने त्यालाच देऊन टाकला. पूवायी बांधावरून उड्या मारत मागे येत होती.

"अप्पा, शेवटी नाहीच काढलास ना?"

लांबून तिला पिन दिसली नव्हती.

"नाही काढला," काथमुत्तू म्हणाला.

पिन आता काढायला हवी होती. पण पोरगी सारखी त्याच्या खांद्याकडे बघत होती. राहू दे घरापर्यंत, असं त्याला वाटलं.

वळणावर काळी छत्री दिसली. छत्रीखाली गावचे मिरासदार होते, खरे जमीनदार. सिनेमावाल्यांची गंमत बघायला निघाले होते.

काथमुत्तूचा हात खांद्यावर गेला. पंचा आला नाही. त्याने हिसका दिला. तरीही आला नाही. मिरासदार थांबले. त्या खांद्याकडे बघत राहिले.

"मालक... पिन आहे... त्या लोकांनी टाचलाय, मालक..."

"अप्पा, पिन?" पूवायीने विचारलं.

त्याने दोन्ही हातांनी पंचा ओढला. टर्रकन आवाज झाला. फाटका पंचा त्याने कमरेला गुंडाळला आणि खाली मान घालून बांधाच्या कडेला सरकला.

"सिनेमात काम करायला लागलास वाटतं," मिरासदार हसले आणि पुढे गेले.

छत्री दिसेनाशी झाली, तरी काथमुत्तूची मान वर होईना. पोरगी काहीतरी विचारेल म्हणून तो चिखलाकडे बघत उभा राहिला.

पूवायी जवळ आली. टाचा उंचावून तिने त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. तिथे पिनेखाली पंच्याचा तळहाताएवढा तुकडा तसाच होता.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "थोडा राहिलाय."