नियमित वाचक

कॉम्प्युटरच्या पडद्यावर माउसचा बाण आपोआप फिरत होता आणि मावसभाऊ त्याच्याकडे लेकराचं पहिलं पाऊल बघावं तसा बघत होता.

"हा तुझा वाचक, ताई. काल दुपारी येऊन गेला. त्याने जे जे केलं ते सगळं आता तुला दिसणार."

ताईने जेवलेलं ताट बाजूला सरकवलं आणि चष्मा लावला. गॅलरीतल्या कुंड्यांवर ती 'झाडवाली' या नावाने ब्लॉग लिहायची. खरं नाव नाही, गाव नाही, स्वतःचा किंवा लेकीचा फोटो तर नाहीच. तीन वर्षांपूर्वी एका बॅगेनिशी, लेकीचा हात धरून ती ज्या घरातून निघाली, त्या घरातल्या माणसाला हा पत्ता कळता कामा नये, म्हणून फक्त पानाफुलांचे फोटो काढायचे हा तिचा नेम होता.

मावसभाऊ वेबसाइट बनवायचा, तिची फुकटात. फुकटात म्हणजे जगात जे नवं निघेल ते आधी तिच्या ब्लॉगवर करून बघायचं, मग गिऱ्हाइकाच्या. मध्यंतरी तिचा ब्लॉग आठवडाभर काळाकुट्ट होता, कारण तेव्हा सगळेच आपापली वेबसाइट काळी करत होते. गेल्या महिन्यात फोटो मोठे झाले. पानावरची माव्याची कीडसुद्धा मोजून घ्यावी इतके. या महिन्याचं नवल म्हणजे हा बघ्या प्रोग्रॅम. वाचक कुठे रमला, कुठे कंटाळला, कुठून पळाला, सगळं टिपून ठेवायचा आणि नंतर जसंच्या तसं पडद्यावर दाखवायचा. मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात, असं त्याने सांगितलं. ताई म्हणाली, मोठमोठ्या कंपन्यांना शेजारपाजार नसतो, मग करतील काय बिचाऱ्या.

दोघांनी तीन वाचक पाहिले. एक आला तसा गेला. एकीने 'शेणखत' या शब्दावर बाण ठेवला आणि बहुधा झोपली. एकाला परवानगी मागणारी पाटी काही केल्या बंद करता येईना. सहाव्या प्रयत्नाला त्याने ब्लॉगच बंद केला. ताईला डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसू आलं.

चौथा बाण ओळीखालून चालत होता. एकेका शब्दाखालून, सावकाश, आणि ओळ संपली की जागच्या जागी दोनदा टकटक करून खालच्या ओळीवर उतरत होता.

ताईचं हसू होतं तिथेच थांबलं. तिने लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी, अगदी सामानाची यादीसुद्धा, त्या घरात अशीच वाचली जायची. पेनाच्या टोकाने, ओळीच्या शेवटी दोन ठोके.

"हा कितीदा आलाय?"

"नियमित आहे. एकोणीस वेळा. असे शंभर मिळाले ना, ताई, तर..."

"पुढे दाखव."

बाण टोमॅटोच्या फोटोवर गेला. फोटो मोठा झाला, आणखी मोठा झाला. टोमॅटो पडद्याबाहेर गेले आणि मागच्या दोरीवर वाळत घातलेला शाळेचा फ्रॉक समोर आला. खिशावरचं शाळेचं नाव वाचता येईल एवढा. बाण त्या नावाखालून सावकाश गेला. टक टक.

मग तो खालच्या प्रतिक्रियेच्या चौकटीत शिरला. या लेखावरची प्रतिक्रिया ताईला पाठ होती, कारण तो टाकल्यापासून अकरा दिवसांत तेवढी एकच आली होती: 'छान लिहिता. एवढ्या उन्हात झाडांना पाणी कधी घालता?' तिने हौसेने उत्तरही दिलं होतं. सकाळी एकदा, आणि दुपारी दीडला लेकीला बसथांब्यावर घ्यायला जायच्या आधी एकदा. पण आता त्या चौकटीत आधी दुसरंच काही उमटलं. तिचं नाव. कागदोपत्री असलेलं, पूर्ण. ते थोडा वेळ तसंच राहिलं, मग एकेक अक्षर पुसलं गेलं आणि त्याजागी 'छान लिहिता' आलं.

"खोडलेलंही दिसतं यात," मावसभाऊ म्हणाला. त्याच्या आवाजातला विक्रेता आता गेला होता.

तो कुठून वाचतो, असं ताईने विचारलं. मावसभावाने यादी उघडली. अठरा वेळा ताई सोडून आली तेच जुनं शहर, कॉम्प्युटर. एकोणिसाव्या ओळीत मोबाइल होता, आणि शहर इथलंच होतं. मावसभावाने घाईघाईने सांगितलं की शहराच्या बाबतीत हे यंत्र कायम गंडतं, पन्नास-शंभर किलोमीटर इकडेतिकडे, काही भरवसा नाही. त्या ओळीपुढच्या हिरव्या ठिपक्याबद्दल तो काही बोलला नाही. ताईने ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे ब्लॉग आत्ता उघडलाय," तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

त्याने ठिपका दाबला. मोबाइलवर बाण नसतो. नुसती प्रतिक्रियेची चौकट होती आणि तिच्यात कुणीतरी सावकाश लिहीत होतं.

'केवढी उंच झाली.'

ओळ थोडा वेळ थांबली. मग शेवटाकडून पुसली जाऊ लागली. 'झाली' गेलं, 'उंच' गेलं, चौकट कोरी झाली.

"पाठवलं नाही त्याने, ताई," मावसभाऊ पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

शेजारची खुर्ची रिकामी होती. दार सताड उघडं होतं, आणि जिन्यावरून अनवाणी पावलं खाली पळत होती.