कृष्णविवराचा बडग्या

“आत गेलेलं परत येते का?” गोपिकानं विचारलं.

ढोल वाजतच होते, पण बडग्याभोवतीची माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीत, असलं कोणी विचारत नसतं. मारबतीचा मोठा पुतळा निघतो, मागं गल्लोगल्लीचे बडगे, म्हणजे बांबू-कापडाचे पुतळे, निघतात, सगळी इडापीडा पोटात घेऊन जातात आणि जळतात. विषय संपला.

यंदा या गल्लीनं महागाईचा नको, खड्ड्यांचा नको म्हणून चक्क कृष्णविवराचा बडग्या केला होता. कल्पना गोपिकाच्या धाकट्या भावाची, उन्मेषची. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. बांबूच्या रिंगणावर काळं कापड, मधे मोठं तोंड, भोवती संत्र्याच्या रंगाचा चमकी कागद. पडणारी वस्तू आधी तापते, म्हणून कडेला एवढा उजेड असतो, हे त्यानं महादेवरावांना दोनदा समजावलं. महादेवरावांचा जन्म बडगे बांधण्यात गेलेला. ते म्हणाले, “काळं आहे अन् गिळते ना? मंग झालं.” नागपूरच्या माणसाला याहून जास्त विज्ञान लागत नाही.

सकाळपासून लोक त्या तोंडात काय काय टाकत होते. कोणी दम्याचा रिकामा पंप, कोणी खड्ड्यात आपटून फुटलेला गाडीचा आरसा. एका काकूंनी तर नवऱ्याची तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी टाकली, नवऱ्यादेखत.

गोपिकाच्या डोक्याला निळा स्कार्फ होता. केमोत केस गेले तेव्हापासूनचा. काल रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले होते, “सध्या काही दिसत नाही.” घरात पेढे आले. गोपिकाला मात्र त्यातलं ‘सध्या’ तेवढं ऐकू आलं. संध्याकाळी हिंगण्याच्या तिच्या कंपनीतून फोन आला, पुन्हा कामावर या, बस तुमच्या चौकातूनच जाते. “पाहू,” म्हणून तिनं फोन ठेवला. उद्या आजार उलटला तर? या भीतीपायी ती कशालाच हो म्हणेना.

आजारपणात सगळे तिच्याशी गोड खोटं बोलले होते. साधी गाठ आहे, काही होत नाही. खरं सांगितलं ते एकट्या उन्मेषनं, म्हणून ती त्याचंच मानायची. आताही ती त्याच्याकडेच बघत होती. शेजारी उभ्या आईनं त्याच्यावर डोळे वटारले, मुकाट्यानं नाही म्हण.

“येते, ताई,” उन्मेष म्हणाला.

आईनं कपाळाला हात लावला. महादेवराव पुटपुटले, “काहून बोलून राहिला गा हा असा, सणाच्या दिवशी?”

“पण जसंच्या तसं नाही येत,” उन्मेष म्हणाला. “उजेड होऊन येते. इतका मंद, की कोणाले दिसत नाही. पाहिलं कोणीच नाही, आमचं गणित तसं सांगते.”

“किती दिवसांनी?”

“दिवस?” त्याला हसू आलं. “सूर्य विझून जाईन, ताई. विश्वाचं आजवर जेवढं वय झालं, तशी कोटी कोटी वयं उलटतील, तरी चिमूटभरही बाहेर आलेलं नसन.”

गोपिका क्षणभर त्या काळ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं भर रस्त्यात स्कार्फची गाठ सोडली. खाली बोटभर केस उगवले होते, दाट, काळेभोर. आईशिवाय ते अजून कोणी पाहिले नव्हते. तिनं स्कार्फचा बोळा केला आणि सगळा जोर लावून आत फेकला.

“घेऊन जा गे मारबत!” अख्खी गल्ली ओरडली. आई रडत होती आणि हसतही होती.

गोपिकानं केसांवरून हात फिरवला.

“मंग येऊ दे त्याले आरामात,” ती म्हणाली. “मले उद्या सकाळी हिंगण्याची बस पकडायची आहे.”