काचेवरचा ठिपका

पडदे निघाले तसं ऊन खोलीत असं घुसलं, की काकूंनी आधी नवऱ्याची खुर्ची मागे ओढली आणि मग स्वतः पदर डोक्यावर घेतला.

"बघितलंत ना? दोन वाजले की ही भट्टी. डॉक्टर म्हणतात, उन्हाचं नाव काढू नका. म्हणून पडदे ओढते, तर हे भिंतीकडे तोंड करून बसतात."

खिडकी कसली, भिंतभर काच होती. सातवा मजला, तोंड पश्चिमेला, समोर नदीचं रुंद पात्र. पण भर दुपारी त्यातलं काहीच दिसत नव्हतं. खाली नुसता पांढरा लखलखाट, बघणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढणारा.

काचेला ऊन अडवणारी फिल्म लावायला आलेल्या माणसाने तिकडे बघितलंच नाही. तो काच बघत होता. धंद्यातले लोक त्याला 'भिंग' म्हणत. मोहरीएवढा बुडबुडा त्याला दारातून दिसायचा, आणि दिसला की तो घालवेपर्यंत चैन पडायची नाही. बायको म्हणायची, तुम्हाला चंद्र दाखवला तर तुम्ही फडकं घेऊन डाग पुसायला जाल.

"काच काळी करणार असाल तर आत्ताच निघा," खुर्चीतून काका म्हणाले. "अंधारच बघायचा तर पडदा काय वाईट आहे?"

काकांनी चाळीस वर्षं याच नदीवर फेरीबोट चालवली होती. मग हृदयाने दगा दिला आणि सुकाणू लेकीच्या हातात गेलं. त्याला दोन महिने झाले. सकाळच्या फेऱ्या दुसरा चालक नेई, दुपारी चारची तिची. पात्राच्या मधोमध पाण्याखाली वाळूचा दांडा होता, त्याला वळसा घालूनच पलीकडे जाता येई. भल्याभल्यांच्या बोटी तिथे रुतल्या होत्या. लेक तो वळसा कसा घेते, हे बापाने अजून एकदाही पाहिलं नव्हतं. चार वाजता एक तर पडदा असे, नाही तर तो लखलखाट.

भिंगाने वाद घातला नाही. पिशवीतून आच फेकणारा एक दिवा काढून लावला आणि त्याच्यापुढे फिल्म चिकटवलेला काचेचा तुकडा धरला. "हात पुढे करा, काका."

काकांनी तळहात धरला. दिवा लख्ख दिसत होता, पण डोळ्यांत खुपत नव्हता, आणि आच जेमतेम लागत होती. भिंगाने काच बाजूला केली तसा त्यांनी चटका बसून हात मागे घेतला.

"परत धरा बघू," ते म्हणाले. असं तीनदा झालं. मग म्हणाले, "चारच्या आत होईल?"

"बघतो."

भिंग कामाला लागला. साबणाच्या पाण्याचा फवारा, त्यावर फिल्म, मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी लोटत जायचं. घामाने शर्ट पाठीला चिकटला. काकू फडकी पिळून देत होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या. एकेक काच पुरी होत गेली तशी खोली निवत गेली, पण ते भिंगाच्या ध्यानातही आलं नाही. चार वाजून पाच मिनिटांनी शेवटच्या काचेवरून पट्टी फिरली. तो चार पावलं मागे आला आणि मान तिरकी केली. मधल्या काचेवर, बरोबर मध्ये, काळा ठिपका.

कचरा अडकला होता! तो पुढे धावला, ठिपक्यावर अंगठा दाबला, घासला. अंगठा उचलला तर ठिपका बोटभर पुढे. त्याने पट्टी घेतली आणि नेटाने कडेकडे लोटली. ठिपका हलला खरा, पण उलट्या दिशेला.

"अहो, हात काढा," मागून काकांचा आवाज आला. "लेक आहे ती माझी."

भिंगाने हात काढला. आणि या कामातल्या बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने काचेच्या पलीकडे बघितलं.

केवढी नदी होती ती! लखलखाट गेला होता आणि पाणी पाण्यासारखं दिसत होतं, हिरवं, त्यावर बारीक लाटा, एकेक वेगळी. पलीकडच्या धक्क्याच्या पायऱ्या मोजता आल्या असत्या. हे सगळं रोज इथेच होतं, आणि तो नुसता काचा पुसत हिंडला होता. त्याला भरून आलं. पट्टीवरचं पाणी त्याच्या चपलेवर ठिबकत राहिलं.

बोट दांड्याजवळ आली. काका खुर्चीतून उठून काचेशी आले होते. समोर सुकाणू असल्यासारखे त्यांचे हात वळत होते.

"आता वळ... वळ ना! अगं, इतकी पुढे कुठे चाललीस?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. बोट सरळ जात राहिली. काकांचे हात हवेत तसेच थांबले. मग, त्यांनी चाळीस वर्षं जिथे वळण घेतलं त्याच्या बरीच पुढे, बोट सावकाश झुकली, रुंद वळसा घालून धक्क्याकडे निघाली.

"वाळू सरकलीय," काका हळूच म्हणाले. "तिला कळलं. मी असतो तर रुतवली असती." आणि ते हसायला लागले, डोळे पुसत, थांबेचनात.

तिघंही बोट धक्क्याला लागेपर्यंत तिथेच उभी होती. खालच्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा एक खराखुरा बुडबुडा राहिला होता. काकूंना तो दिसला. भिंगाला दिसला नाही.