बाबांचं पान

“बाटली उंबऱ्याच्या आत आली, तर मी बाहेर!” आई बाबांना सुनवायची, ते दिपेशच्या कानांत अजून होतं. तरी त्या शनिवारी बायकोच्या हौसेखातर तो रेवदंड्याच्या घरी रेड वाइन घेऊन आला. आईने मटण रांधलं होतं. नेहमीसारखं पहिलं पान तिने सात वर्षांपूर्वी गेलेल्या बाबांच्या नावाने वाढलं.

“द्राक्षांचाच रस आहे, आई,” मृणाली चाचरत म्हणाली.

“माझे केस उन्हात पिकले न्हाईत, सूनबाई. वत पेल्यात.”

मृणालीने ओतली. आईने पेला उचलून बाबांच्या पानाशी ठेवला.

“शेवटच्या दिवशी घोटभर मागत व्हते रे, दिपेश. मी पाणीच दिलं. त्यांनी तेच गुमान पिलं.”