दक्षिणेकडे पाय

खुशालराव आजही मेल्यासारखा पडला होता.

भरदुपार होती. खाली अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्या आणि हमालांची आरडाओरड. कौशल्या नवऱ्याच्या बाजेपाशी उभी होती, आणि ती कुणाला दिसत नव्हती. कारण तिचा देह तिकडे अकोल्यात, मोर्णेकाठच्या घरात, कापसाच्या खोलीत बाजेवर निजलेला होता. इथे आला होता तो तिचा नुसता जीव.

सात समुद्रांपार कुठेशी लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. खुशालरावाने अमरावतीला अडत घातली. दिवाळीपासून त्याने घरचा उंबरा पाहिला नव्हता. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या आणि कौशल्येच्या जिवाला घोर. त्यात कुणीतरी शकुन नावाच्या गाणारणीचं नाव तिच्या कानावर घातलं. झालं, बाईला अन्न गोड लागेना.

बाळापूरच्या किल्ल्याखाली एक गोसावी उतरला होता. त्याच्याकडून तिने विद्या घेतली. उशाशी तांब्याच्या वाटीत पाणी, पाण्यावर तुळशीची सात पानं, श्वास मोजत मोजत देहाबाहेर. शिकवून झाल्यावर गोसाव्याने बजावलं होतं.

"माई, बाज पूर्व-पश्चिम ठेवा. दक्षिणेकडे पाय मढ्याचे. आणि अवसेच्या दिवशी तर फार जपा. त्या दिवशी सोडलेला देह कुणी तसा फिरवला, तर वाटीतली पानं बुडतात अन् जीव बाहेरच राहते. मग बाज पुन्हा फिरवून उपयोग नाही."

"आनखी कोनाले शिकवली जी ही विद्या?"

"ज्याचं काळीज जळते, तो आपणच येते," गोसावी म्हणाला आणि झोळी उचलून अमरावतीच्या वाटेला लागला.

तेव्हापासून रोज दुपारी कौशल्या यायची. तीन दिवसांची गाडीवाट, पण जिवाला पानाला चुना लावण्याइतकाही वेळ लागत नसे. जाता-येता मूर्तिजापूरजवळ एक गार झुळूक तेवढी घासून उलट्या दिशेने जायची. इथे येऊन पाहावं, तर खुशालराव आपला निजलेला. बिचारा दमतो, असं तिला आधी वाटलं. चौथ्या दिवशी त्याच्या उशाची वाटी दिसली. पाण्यावर तुळशीची सात पानं.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हाही जातो! देह इथे आणि जीव त्या भवानीच्या माडीवर! शकुनचं घर तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तिथे जे दिसलं असतं ते पाहण्याची छाती नव्हती. आपण जातो ते नवऱ्यासाठी आणि तो जातो तो त्या बाईसाठी, एवढा फरक मात्र तिला लख्ख दिसत होता.

अवस आठ दिवसांवर आली तेव्हा नत्थुजी गाडीवान अमरावतीहून आला. मालकाने एक नवंकोरं लुगडं धाडलं होतं. कौशल्येने हात पुढे केला.

"तुमच्यासाठी नाई, मालकीनबाई," नत्थुजी ओशाळला. "पार्वताबाईले देजो म्हने."

पार्वताबाई घरची मोलकरीण. रोज दुपारी खोलीच्या दाराशी राखण बसायची. बायकोला चिंधी नाही आणि मोलकरणीला लुगडं! कौशल्येच्या डोळ्यांत पाणी आलं. मनातली उरलीसुरली चलबिचलही तिथेच मिटली. माझा नाही तर कुणाचाच नाही.

तिने नत्थुजीला ओसरीच्या कोपऱ्यात बोलावलं आणि त्याच्या हातावर नवं पागोटं ठेवलं.

"अवसेले दुपारी राव झोपले का त्याईची बाज फिरवजा. पाय दक्षिनेकडे. त्याईले नजर लागली हाये, बुवानं उपाय सांगतला. कोनाले बोलू नका."

नत्थुजी तिच्याकडे पाहतच राहिला. मग फिस्सकन हसला.

"हासता काहून?"

"काई नाई. मोठ्या लोकाईचं मोठंच काम, बाप्पा!" पागोटं काखेत मारून तो गेला.

अवसेच्या दुपारी ती नेहमीसारखी निजली आणि निघाली. खुशालराव निपचित पडला होता. थोड्या वेळाने नत्थुजी चोरपावलांनी आला, रामाचं नाव घेतलं आणि बाज फिरवली. पाय दक्षिणेकडे झाले. वाटीतली सातही पानं बुडून तळाशी गेली.

ती नवऱ्याच्या चेहऱ्यावर वाकली. लग्नातही तो असाच घाबरल्यासारखा दिसला होता. मग शकुन आठवली आणि तिने मन घट्ट केलं. शकुनच्या माडीवरून येईल, हंबरडा फोडील, ते बघायचं म्हणून ती ऊन उतरेपर्यंत थांबली. तो आला नाही.

शेवटी ती परत निघाली. आज मूर्तिजापूरजवळ झुळूक लागली नाही.

घरात पार्वताबाई नवं लुगडं नेसून दाराशी सरकी निवडत बसली होती. कौशल्या तिला ओलांडून आत गेली आणि जागीच थबकली. तिची बाज फिरलेली होती. तिचेच पाय दक्षिणेकडच्या भिंतीला लागले होते. वाटीतली पानं तळाशी होती.

उशाशी खुशालराव उभा होता. पलीकडची भिंत त्याच्यातून आरपार दिसत होती. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. डोळे रडून सुजलेले आणि रागाने लाल.

"रोज दुपारी," तो म्हणाला, "कोनाकडे जात होती वं तू?"